नाक नावाचा नाका

पौषातली थंडी पडली आणि ज्वारीचे दाणे हुरड्यात आले, की मराठवाड्यात बांधाबांधावर आगट्या पेटतात. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, निखाऱ्यांत खोचलेली हिरवी कणसे, आणि भाजलेली कणसे तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा. हीच कणसे घरी गॅसवर किंवा तव्यावर भाजून पाहिली, तर दाणा तितकाच शिजतो, गोडीही तेवढीच असते. पण खाणारा पहिल्याच घासाला सांगतो, की हा आगटीतला हुरडा नव्हे. मग आगटीने कणसाला असे काय दिले, जे तव्याने दिले नाही? शिक्षकांनी हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात जरूर विचारावा. बहुतेक मुले 'धूर' असे उत्तर देतील आणि ते बरोबरच आहे. पण धुराला चव असते का? आणि असेल, तर ती जिभेला कळते की आणखी कशाला?

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना पैनगंगेच्या अलीकडे कनेरगाव नाका हे गाव लागते. आज येथे मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. १९४८ पूर्वी नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे वऱ्हाड. अशा सीमांवरचा नाका म्हणजे येणारा-जाणारा माल थांबवून तपासण्याची जागा. आपल्या चेहऱ्यावर मधोमध असाच एक नाका बसवलेला आहे. तोंडात जाणारा प्रत्येक घास आणि छातीत जाणारा प्रत्येक श्वास तेथे तपासला जातो. तपासणी किती बारीक असते, आणि कोणता माल न तपासताच सुटतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

धुराच्या चवीचा जगात सर्वांत कसून अभ्यास झाला, तो अन्नाच्या नव्हे तर एका मद्याच्या संदर्भात: स्कॉटलंडची धुरकट व्हिस्की. त्यात पैसा मोठा आहे, म्हणून संशोधनही मोठे आहे. उदाहरणासाठी आम्ही तीच घेत आहोत. मद्य हे कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले, आणि मद्याची अमुक इतकी मात्रा निर्धोक असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा बजावले. तेव्हा येथे आपला संबंध रसायनशास्त्राशी आहे. बाटली वर्गात आणण्याची गरज नाही आणि आणूही नये.

व्हिस्कीची सुरुवात आपल्या ओळखीच्या क्रियेने होते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती पिठूळ स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. म्हणूनच सत्त्व बाळाला पचायला हलके आणि चवीला गोडसर. स्कॉटलंडमध्ये हेच बार्लीचे करतात. मात्र तेथील ओल्या, थंड हवेत मोड आलेले धान्य उन्हात वाळवणे अशक्य. लाकूडही पूर्वापार दुर्मिळ. तेव्हा भट्टीत जाळले जाई ते पीट, आणि त्याच्या धुरातच धान्य वाळे. पुढे कोळसा व इतर इंधने आली तरी काही ठिकाणी, विशेषतः आयला नावाच्या बेटावर, पीटची सवय सुटली नाही. लोकांना त्या वासाची गोडी लागली होती.

पीट म्हणजे काय? पाणथळ, आम्ल, प्राणवायू नसलेल्या दलदलीत शेवाळ आणि झुडपे मरून पडतात, पण पुरती कुजत नाहीत. सूक्ष्मजीव त्यांतील सहज पचणारा भाग खातात, न पचणारा भाग साचत जातो. हा थर वर्षाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणजे कमरेइतका खोल पीटचा खड्डा खणला, की आपण हजारेक वर्षे खाली गेलेलो असतो. हे अर्धवट कुजलेले द्रव्य विटांसारखे कापून, वाळवून जाळतात.

आता गोवरी आठवा. कडबा खाल्लेल्या गाईच्या पोटातही सूक्ष्मजीवच काम करतात. ते सेल्युलोज पचवतात. पण वनस्पतीला ताठ ठेवणारे लिग्निन, ज्याला मराठीत काष्ठीर म्हणतात, ते जवळजवळ तसेच शेणात उतरते. ते थापून, वाळवून आपण जाळतो. दलदलीने हजार वर्षांत केलेले काम गाय दोन-तीन दिवसांत उरकते! पीट आणि गोवरी ही चुलत भावंडे आहेत आणि त्यांच्या धुराचे नातेही तेथेच आहे.

काष्ठीराचा रेणू अवाढव्य असतो. बेंझीनच्या षट्कोनी कड्या शेकडोंनी एकमेकींत अडकवून केलेली ती साखळदंडांची रास समजा. हवा कमी आणि उष्णता जास्त अशा स्थितीत, म्हणजे धुमसत्या निखाऱ्यात, ही रास तुटते आणि सुट्या कड्या धुराबरोबर उडतात. यांतल्या काही कड्यांवर एकच हायड्रॉक्सिल गट असतो, ते फीनॉल. त्याला एक मिथिल गट चिकटला की क्रेसॉल. आणि हायड्रॉक्सिलच्या शेजारी मिथॉक्सी गट असला की ग्वायकॉल. 'धुराचा वास' असे आपण ज्याला म्हणतो, त्यात या ग्वायकॉलचा वाटा फार मोठा आहे. ओलसर दाण्याच्या सालीवर ही द्रव्ये बसतात आणि मुरतात.

बार्लीत किती धूर मुरला, हे दशलक्ष भागांत किती भाग फीनॉली द्रव्ये आहेत यावरून मोजतात. आयलावरच्या नावाजलेल्या धुरकट व्हिस्कींसाठी हा आकडा साधारण ३५ ते ५५ असतो. ऑक्टोमोर या व्हिस्कीच्या काही आवृत्त्यांत तो ३००च्याही वर गेला आहे. हा आकडा धान्यातला. पुढे आंबवणे आणि दोनदा ऊर्ध्वपातन यांत बराच भाग मागे राहतो. शिवाय फीनॉली द्रव्ये ऊर्ध्वपातनात उशिरा येतात. तेव्हा गोळा करणे कोणत्या क्षणी थांबवायचे, यावर धूर किती उतरेल हे ठरते. दशलक्षात दहा-वीस भाग म्हणजे बादलीभर पाण्यात काही थेंब. तेवढ्यावर नाक वस्तूचा कुलवृत्तान्त सांगते.

परदेशात एका परिषदेच्या निमित्ताने आम्हांला अशी एक व्हिस्की चाखावयास मिळाली होती. ती नुसती धुरकट नव्हती. शेरीच्या पिंपात मुरलेली होती. पेला वर निमुळता, कमळाच्या कळीसारखा, म्हणजे वाफ आत साठून राहते. नाकाशी नेताच प्रथम आठवली ती आगटी. मग दवाखाना. आणि त्यांच्या मागून, थोड्या वेळाने, खजूर आणि काळ्या मनुका. आमच्या शेजारच्या यजमानांना आगटी ठाऊक नव्हती; त्यांना समुद्रकिनाऱ्यावरची शेकोटी आठवली. वास एकच, आठवणी आपापल्या.

दवाखान्याचे कारण ऐतिहासिक आहे. फीनॉलचे जुने नाव कार्बोलिक आम्ल. १८६५ मध्ये स्कॉटलंडच्याच ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर यांनी पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्या बांधल्या, जखम चिघळली नाही, आणि जंतुरोधक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. ज्यांनी पूर्वीचा लाल लाइफबॉय वापरला आहे, त्यांच्या नाकात हा वास कायमचा बसलेला असेल. धुरात टांगलेले मांस-मासे टिकतात, यालाही काही अंशी हीच फीनॉले कारण आहेत.

खजूर-मनुकांचे श्रेय पिंपाला. शेरी हे स्पेनमधील हेरेथ भागातील मद्यार्क मिसळून कडक केलेले द्राक्षमद्य. तिच्या ओलोरोसो प्रकाराला पिंपात मुद्दाम हवा लागू देतात, तर पेद्रो हिमेनेथ ही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट आणि गोड. एके काळी शेरी ओकच्या पिंपांतूनच ब्रिटनला जाई. रिकामी पिंपे परत नेणे परवडत नसे, ती व्हिस्कीवाले स्वस्तात घेत. व्हिस्कीला शेरीचा रंग-वास लागला तो असा काटकसरीतून. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम आला आणि फुकटासारखी पिंपे संपली. आता व्हिस्कीसाठी म्हणून नवी पिंपे करतात, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी नुसती मुरवतात आणि मग ती पिंपे पाठवतात. उपउत्पादन मुख्य झाले!

पिंपाचे लाकूडही गप्प बसत नाही. पिंप करताना आतून शेकतात, त्या उष्णतेने आणि पुढे वर्षानुवर्षे मद्यार्काच्या सहवासाने ओकमधले काष्ठीर हळूहळू सुटते. पण हे सुटणे निखाऱ्यातल्यासारखे आडदांड नसते. कडीवर कार्बनचा एक तुकडा शिल्लक राहतो, आणि ग्वायकॉलऐवजी मिळते व्हॅनिलिन. होय, आइसक्रीममधल्या व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य. ग्वायकॉलच्या कडीवर हायड्रॉक्सिलच्या बरोबर समोर एक अल्डिहाइड गट बसवला, की व्हॅनिलिन झाले. बाजारातले बहुतेक कृत्रिम व्हॅनिलिन कारखान्यांत ग्वायकॉलपासूनच बनते. म्हणजे धूर आणि व्हॅनिला ही एकाच घरची लेकरे, एक धसमुसळे आणि एक गोडबोले.

येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण हे घर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. फळ्यावर ग्वायकॉलची कडी काढा: एक हायड्रॉक्सिल, शेजारी मिथॉक्सी. समोरच्या कोपऱ्यावर तीन कार्बनांचे एक शेपूट लावा. झाले युजेनॉल, म्हणजे लवंगेचा वास. त्याच कोपऱ्यावर नायट्रोजन असलेले लांब शेपूट लावा. झाले कॅप्सेसिन, मिरचीचा तिखटपणा. आणि अशा दोन कड्या सात कार्बनांच्या साखळीने जोडा. झाले कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात पोत्यांनी येणारे ते पिवळे सोने आणि आगटीचा धूर यांत एकच कडी दडलेली आहे, हे मुलांना सांगून त्यांचे चेहरे पाहा.

मग विचारा: लवंगेला वास आहे, मग मिरचीचे कॅप्सेसिन आणि हळदीचे कर्क्युमिन यांना का नाही? उत्तर रेणुभारात आहे. ग्वायकॉलचा रेणुभार १२४, व्हॅनिलिनचा १५२, युजेनॉलचा १६४. कॅप्सेसिनचा ३०५ आणि कर्क्युमिनचा ३६८. जड रेणू हवेत उडत नाहीत, आणि न उडणारा माल नाक्यावर येतच नाही. हळदीला जो वास येतो, तो तिच्यातील टर्मेरोन या दुसऱ्याच हलक्या द्रव्याचा.

नाक्यावर तपासणी कशी होते? नाकाच्या छताशी टपाल-तिकिटाएवढ्या जागेत चेतापेशी असतात आणि प्रत्येकीवर एका प्रकारचे ग्राही प्रथिन असते. माणसात अशा ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहींच्या जनुकांचा शोध लावला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एक रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक चेतवतो, एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. पेटीवर मोजक्या पट्ट्यांतून असंख्य स्वरसंगती निघाव्यात, तसे हे आहे. जिभेकडे मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रुचकर असे पाचच मुख्य प्रकार. तोंडात चावलेल्या घासाची वाफ घशामागून वर नाकात चढते आणि मेंदू तो वास जिभेच्या खात्यावर मांडतो. यालाच आपण 'चव' म्हणतो. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीत अनेकांची 'चव गेली', तेव्हा बहुतेकांचे खरे तर नाक गेले होते.

वर्गात हा प्रयोग करावा. मुलाचे डोळे बांधून, नाक चिमटीत धरावयास सांगून कधी जिरे, कधी बडीशेप चावावयास द्यावी. बडीशेपेची किंचित गोडी सोडली तर फरक सांगणे अवघड जाते. मग नाक सोडावयास सांगावे. त्या क्षणी चेहऱ्यावर जे दिसते, त्याला पाठ्यपुस्तकातली आकृती पर्याय नाही. हीच कृती भाजलेले आणि कच्चे शेंगदाणे घेऊनही करता येते.

व्हिस्कीची तिखट जळजळ ही चवही नव्हे आणि वासही नव्हे. तोंडात उष्णता ओळखणारे एक ग्राही असते, जे एरवी ४२-४३ अंश सेल्सिअसच्या वर चेतते आणि 'भाजले' असा संदेश देते. मिरचीचे कॅप्सेसिन याच ग्राहीची कळ दाबते. डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये ते शोधले, त्यासाठी ते २०२१च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. मद्यार्क या ग्राहीचा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणतो. आपले तोंड स्वतःच ३७ अंशांच्या आसपास! म्हणजे आपलेच अंग आपल्याला भाजते आहे, असे मज्जातंतू सांगू लागतात. दारूने थंडीत ऊब येते हा समजही असाच फसवा आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते, आणि शरीरातील उष्णता उलट बाहेर निघून जाते.

जाणकार व्हिस्कीत थोडे पाणी घालतात आणि वास 'उघडला' म्हणतात. हा निव्वळ शौकिनांचा नखरा वाटेल. पण २०१७ मध्ये स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर ग्वायकॉल, पाणी आणि मद्यार्क यांचे रेणू मांडून पाहिले. मद्यार्क सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी, हवेच्या सीमेवर राहते. तो ५९ टक्क्यांच्या पुढे गेला, की मद्यार्काचे रेणू ग्वायकॉलला घेरून आत ओढतात. व्यवसायाने वास परीक्षणारे लोक तर नमुना सुमारे २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात, आणि बहुतेक काम न पिता, नाकानेच उरकतात.

पण नाकाला डोळा फसवतो. फ्रान्समध्ये ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेरी-पिंपाचा गडद तांबूस रंग पाहताच मनुका 'दिसू' लागतात, त्यात किती रसायन आणि किती सूचना, हे डोळे झाकल्याशिवाय सांगता येत नाही. स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी जळक्या साखरेचा अर्क घालण्यास कायद्याने परवानगी आहे, हेही लक्षात असू द्यावे. शब्दांची मात्र आपल्याला वाण नाही. खमंग, खरपूस, करपट, धुरकट, कुबट, खवट, आंबूस, हिरवट, उग्र: वासाचे एवढे बारकावे रोजच्या बोलण्यात असताना त्यासाठी परदेशी तक्ते कशाला हवेत?

हा सारा खटाटोप आता आपल्या दारातही होतो. गोव्यात कुंकळ्ळी येथे, १५८३च्या उठावासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, पॉल जॉन ही व्हिस्की बनते. बार्ली भारतीय, धूर मात्र स्कॉटलंडहून आणलेल्या पीटचा. ती २०१२ मध्ये प्रथम लंडनमध्ये विक्रीस आली आणि पुढे तिच्या शेरी-पिंपातल्या आवृत्त्याही निघाल्या. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. गोव्याच्या उष्म्यात याच्या कित्येक पट. त्याच उष्म्याने लाकूड लवकर सुटते, म्हणून येथे थोड्या वर्षांत ती मुरते. गोवरीच्या धुरात वाळवलेली बार्ली कशी लागेल, असा प्रश्न आमच्या मनात येऊन गेला, हे कबूल केले पाहिजे.

आता नाक्यावरून न तपासता सुटणाऱ्या मालाकडे येऊ. गोवरीच्या धुरातले ग्वायकॉल अत्यल्प असले तरी आपल्याला कळते. त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र मुळीच वास देत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे उठत नाहीत, ती यामुळे. धुरातले अतिसूक्ष्म कण आणि त्यांवर बसलेली बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्येही नाकाला वेगळी ओळखू येत नाहीत. हुरड्याची आगटी उघड्या शेतात, वर्षातून चार दिवस असते. वर्षभर बंद स्वयंपाकघरात चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत तोच धूर रोज जातो, आणि सवयीने तर तिला त्याचा वासही येईनासा होतो.

दारूतही असेच आहे. पिण्याच्या मद्यातले इथेनॉल आणि औद्योगिक मिथेनॉल यांच्यात एकाच कार्बनचा फरक. वास जवळजवळ सारखा, जळजळ सारखी. काडी लावून निळी ज्योत आली की दारू शुद्ध, असा एक समज आढळतो. मिथेनॉलही फिकट निळ्या ज्योतीनेच जळते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. पिणारे नवखे नव्हते. रोज ती दारू हुंगणारी, चाखणारी नाके त्यांत होती. जे नाक दशलक्षात काही भाग धूर ओळखते, त्याला पेल्यातला हा पाहुणा ओळखता आला नाही.

मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. यकृतातील विकर त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते; हे आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर आघात करते. याला वेळ लागतो, बहुधा १२ ते २४ तास, म्हणून रोगी आधी ठीक वाटतो. धुके पडल्यासारखे पांढरे दिसू लागले, पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, की नशा उतरण्याची वाट पाहत घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टर मोजून-मापून शुद्ध इथेनॉल किंवा फोमेपिझोल हे औषध देतात. इथेनॉल त्याच विकराला गुंतवून ठेवते, फोमेपिझोल ते विकर अडवून धरते. मिथेनॉल न बदलता लघवीवाटे किंवा रक्तशुद्धीकरण यंत्रातून बाहेर काढण्यास तेवढा अवधी मिळतो. घरच्या घरी आणखी दारू पाजून हे साधत नाही, कारण मात्रा रक्त तपासूनच ठरवावी लागते.